परचुऱ्यांचे बत्तीस बिल्ले

परचुरे मला कधीच आवडले नाहीत. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकलेलं बरं, कारण आपल्याकडे कुणाबद्दल लिहायला बसलं की तो माणूस तीनचार पानांत फणस होऊन जातो: वरून काटे, आत गरे. परचुऱ्यांच्या बाबतीत मी आतपर्यंत जाऊन आलो आहे. आतही काटेच होते. फक्त ते ओळीत लावलेले होते.

पिंपरीच्या एका कारखान्यात ते सेफ्टी ऑफिसर होते. देशात नवे वारे वाहू लागले तेव्हा त्या कारखान्यानं शेकड्यानं लोकांना स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा मालकाची आणि निवृत्ती बाकीच्यांची, असा तो प्रकार होता. पंचावन्नाव्या वर्षी परचुरे कोथरूडच्या फ्लॅटवर येऊन बसले. आयुष्यभर लोकांना हेल्मेट घाला, हातमोजे घाला, मशीनमध्ये बोट घालू नका, असं ओरडत आलेल्या माणसापुढे आता फक्त बायको आणि गॅसचा सिलिंडर उरला. बायको दोन महिन्यांनी मुलीकडे नाशिकला राहायला गेली. मग परचुऱ्यांना डोंगर सापडले.

त्याच सुमारास हिंजवडीच्या रस्त्यावर काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. त्यांत बसणाऱ्या मंडळींना लिफ्टशिवाय दुसरा मजला चढवत नसे, पण रविवारी किल्ला चढायची हौस दांडगी होती. परचुऱ्यांनी अशा लोकांसाठी ‘सुरक्षित सह्यभ्रमण मंडळ’ काढलं. मंडळाचे अध्यक्ष परचुरे, चिटणीस परचुरे आणि कार्यकारिणीही परचुरेच. त्यामुळे सगळे ठराव एकमतानं होत.

मी अशाच एका कंपनीत मॅन्युअल लिहायचं काम करत होतो. म्हणजे जे कुणी वाचत नाही, ते लिहायचं. नियम लिहिणाऱ्या माणसाला नियम पाळणारा माणूस मुळातच संशयास्पद वाटतो. पण आमच्या ऑफिसातले दहाबाराजण परचुऱ्यांबरोबर जायचे, म्हणून मीही गेलो, आणि तीन वर्षं जात राहिलो. न आवडणाऱ्या माणसाकडे पुन्हा पुन्हा जाण्यात एक सुख असतं, ते पुण्यात राहणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

परचुरे पावसाळ्यात कुणाला नेत नसत. “पावसात बेडूकसुद्धा डोंगर चढतात,” असं म्हणत. त्यांचा मोसम थंडी सरताना सुरू होई आणि होळीला संपे. हा काळ त्यांच्या मते सर्वांत धोक्याचा आणि म्हणून सर्वांत शिकवण्यासारखा. “फेब्रुवारी हा फसवा महिना आहे,” बस सुटायच्या आधी ते हे सांगत, दर वेळी, त्याच शब्दांत. “पहाटे आपण स्वेटर घालून निघता. आपल्याला वाटतं, हिवाळा आहे. हिवाळा सकाळी नऊला संपतो. उन्हाळा साडेनऊला सुरू होतो. मधली तीस मिनिटं वसंत ऋतू. त्यात फोटो काढा.”

त्यावर कधी हशा झाला तर ते थांबत, हसणाऱ्याकडे पाहत आणि तेच वाक्य पुन्हा म्हणत.

कर्वेनगरच्या एका चहाच्या टपरीसमोर आम्ही पहाटे साडेपाचला जमायचो. तिथे पहिला कार्यक्रम म्हणजे परचुरे प्रत्येकाचा वास घेत. हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही. ते समोर उभे राहत, मान पुढे काढत आणि मानेपाशी दोनदा नाक ओढत. या दिवसांत कड्यांना आग्या मोहळं लागलेली असतात, आणि मधमाशीला अत्तराचा वास खपत नाही, हे खरंच आहे. पण ते सांगायची एक पद्धत असते.

एकदा आमच्या टेस्टिंगमधली एक मुलगी पहिल्यांदाच आली होती. परचुऱ्यांनी नाक ओढलं आणि दोन पावलं मागे सरले.

“आपण लग्नाला निघाला आहात का?”

“सर, इट्स जस्ट डिओ.”

“मधमाशीला इंग्रजी येत नाही. नळ तिकडे आहे.”

ती बिचारी टपरीच्या नळावर, पहाटेच्या गारठ्यात, मान आणि हात साबणानं धुऊन आली. त्यांनी पुन्हा वास घेतला. मग म्हणाले, “आता साबणाचा येतोय. घरी जा.” ती रिक्षा करून घरी गेली. परचुऱ्यांनी बाकीच्यांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर एखादा जीव वाचवल्याचं समाधान होतं. कदाचित वाचवलाही असेल. न घडलेल्या अपघाताचं श्रेय कुणीही घेऊ शकतो.

त्यांचा दुसरा नियम साडेदहाचा. साडेदहाला जिथे असाल तिथून मागे फिरायचं. माथा राहिला तर राहिला. एका वर्षी आमच्या कंपनीचे व्हाइस प्रेसिडेंट आले. अमेरिकेहून परतलेले, नव्या बुटांत, हातात कंपनीचा झेंडा. तो माथ्यावर फडकवून फोटो काढायचा होता. साडेदहा वाजले तेव्हा वरचं निशाण समोर दिसत होतं. परचुऱ्यांनी शिट्टी वाजवली.

“मिस्टर परचुरे, टेन मिनिट्स,” साहेब म्हणाले.

“दहा मिनिटं वर जायला. दहा मिनिटं आपल्या फोटोला. वीस मिनिटं पुन्हा इथे यायला. तेवढ्यात दगड तापतो. दगड पगार विचारत नाही.”

झेंडा गुंडाळून सगळे खाली आले. मला वाटलं, आता परचुरे संपले. पण मोठ्या साहेबांचं मन मला कधी कळलेलं नाही. ज्यांना दिवसभर सगळे ‘हो’ म्हणतात, त्यांना एखादा ‘नाही’ म्हणणारा भेटला की साक्षात्कार झाल्यासारखं होतं. साहेबांनी परचुऱ्यांना ऑफिसात बोलावलं. कॅन्टीनमध्ये खुर्च्या मांडून, पडद्यावर चित्रं दाखवून त्यांचं ‘सेफ्टी’वर भाषण झालं. तीन लिटर पाणी, मीठसाखर, पूर्ण बाह्यांचा शर्ट, वाळलेल्या गवतावर पाय टाकायचा नाही आणि गवत धरायचंही नाही, हरवलात तर हलायचं नाही, सावलीत बसून तीन शिट्ट्या मारायच्या. सगळं बिनचूक. भाषणानंतर त्यांना पुष्पगुच्छ मिळाला आणि तिथूनच त्यांचं बिघडलं. पुढच्या ट्रेकला ते नव्या जाकिटात आले. पाठीवर मोठ्या अक्षरांत मंडळाचं नाव होतं आणि गळ्यात लॅमिनेट केलेलं ओळखपत्र. त्यावर त्यांच्या हुद्द्यापुढे ‘प्रमुख’ असा शब्द आला होता. कुणाचे प्रमुख, ते लिहिलेलं नव्हतं.

आता बोर्डाबद्दल सांगायला हवं.

कारखाना सोडताना परचुऱ्यांनी टाइमकीपरच्या केबिनमधला एक लाकडी बोर्ड घरी आणला होता. त्यावर आकडे ठोकलेले आणि आकड्यांवर पितळी बिल्ले टांगलेले, प्रत्येकावर नंबर कोरलेला. कारखान्यात कामगार आत जाताना आपला बिल्ला उचलायचा आणि बाहेर येताना परत अडकवायचा. आकडा रिकामा दिसला तर माणूस आत आहे. परचुऱ्यांनी हीच पद्धत डोंगराला लावली. बसच्या पुढच्या काचेला बोर्ड टेकवून ठेवत. चढायच्या आधी प्रत्येकानं आपला बिल्ला घ्यायचा, उतरल्यावर अडकवायचा. एक नंबर त्यांचा स्वतःचा. मी एकोणीस. साडेअकरानंतर जो खाली येईल त्याचा बिल्ला कोपऱ्यातल्या लाल खिळ्यावर जाई, आणि लाल खिळ्यावरच्या माणसाला त्या वर्षी पुन्हा नेत नसत.

या पद्धतीचा एक परिणाम असा झाला की परचुऱ्यांना कुणाचं नाव माहीत नव्हतं. ते नंबरानं हाक मारत. “एकोणीस, आपण बाटली उघडी ठेवली आहे.” तीन वर्षं मी एकोणीस होतो. माझ्या नावाची त्यांना गरज पडली नाही.

पूर्वी उतरताना सगळ्यांच्या मागे एक अनुभवी माणूस चालायचा. कुणी मागे राहू नये म्हणून. कॅन्टीनमधल्या भाषणानंतर परचुऱ्यांनी ते बंद केलं. “सिस्टिम असताना माणूस कशाला?” असं म्हणाले. हे वाक्य आमच्या ऑफिसातल्या कुणीही म्हटलं असतं, आणि त्यावर त्याला बढतीसुद्धा मिळाली असती.

आता सव्वीस नंबर. तो म्हणजे प्रशांत मेश्राम, भंडाऱ्याकडचा. आमच्याच मजल्यावर प्रोग्रॅमर, प्रोबेशनवर होता. विश्रांतवाडीला दोघांबरोबर खोली घेऊन राहायचा आणि ट्रेकच्या आदल्या दिवशी निखिलकडे कर्वेनगरला मुक्कामाला यायचा. निखिल म्हणजे पंचवीस नंबर, मेश्रामचा शेजारच्या खुर्चीतला मित्र. मेश्रामला पुण्याच्या उन्हाचं हसू यायचं. “हे काय ऊन आहे जी?” तो म्हणायचा. “आमच्याकडं एवढ्या उन्हात पापडसुद्धा वाळत नाही.” तीन लिटर पाणी आणा म्हटलं की तो दीड आणायचा.

त्या फेब्रुवारीत आम्ही मावळातल्या एका किल्ल्यावर गेलो. नाव लिहीत नाही, किल्ल्याची काही चूक नव्हती. आम्ही लवकर पोचलो, पावणेदहालाच माथ्यावर होतो. या किल्ल्याच्या मागच्या अंगाला, दरवाज्याखालून आडव्या जाणाऱ्या वाटेनं, एक बौद्ध लेणं आहे. मेश्राम परचुऱ्यांपाशी गेला.

“सर, लेणं बघून येऊ का? वीस मिनिटं लागतील.”

“कार्यक्रमात नाही.”

“पुढच्या महिन्यात आई येऊन राहिली जी. तिला दाखवायचं आहे. तिचे गुडघे दुखतात, तर वाट तिला जमते का नाही, तेवढं पाहून ठेवतो.”

“आईंना सारसबागेत न्या. सपाट आहे.”

पुण्यात अपमान करताना आवाज चढवत नाहीत. उलट थोडा उतरवतात. दोघंतिघं हसले. परचुऱ्यांना हसणं आवडलं असावं, कारण ते पुढे म्हणाले, “आणि बघण्यासारखं काही नाही तिथे. चार रिकाम्या खोल्या आहेत.”

“रिकाम्याच पाहायच्या आहेत, सर,” मेश्राम म्हणाला. एवढंच म्हणून तो बाजूला झाला.

साडेदहाला शिट्टी झाली, सगळे उतरायला लागले. दरवाज्यापाशी मी बुटाची नाडी बांधत होतो. माझ्यामागे मेश्राम निखिलला म्हणाला, “माझा पण लाव बे. अर्ध्या तासात येतोच,” आणि त्याच्या हातात बिल्ला ठेवला.

आमच्या ऑफिसात हे रोजचं होतं. दारात मशीन होतं, प्रत्येकाला कार्ड होतं, आणि उशीर होणाऱ्या मित्राचं कार्ड आपण स्वाइप करायचं, ही मैत्रीची पहिली पायरी होती. लग्नात आहेर न करणारे लोकसुद्धा एकमेकांची कार्डं स्वाइप करत. निखिलला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. उतरल्यावर गावातल्या सोनबाच्या घरी पिठलं-भाकरी असे, त्यात तासभर सहज जाई. तेवढ्यात मेश्राम येणारच होता. लाल खिळा तेवढा चुकला असता.

खाली आल्यावर निखिलनं बोर्डावर दोन बिल्ले अडकवले. मी ते पाहिलं. खरं सांगायचं तर पाहून मला बरं वाटलं. परचुऱ्यांच्या सिस्टिमला कुणीतरी चुना लावत होतं आणि त्यांना कळत नव्हतं, हा मला रविवारचा नफा वाटला.

अकरा वीसला परचुरे बोर्डापाशी आले. बत्तीसच्या बत्तीस आकडे भरलेले. असं आजवर झालं नव्हतं, नेहमी कुणीतरी लाल खिळ्यावर जायचंच. परचुऱ्यांनी बोर्डाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि जाकिटाची चेन वर ओढली.

“उत्तम,” ते म्हणाले. हा शब्द आम्ही त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकत होतो. “आज जेवण हायवेवर. बसा.”

निखिलची आदल्या रात्री क्लायंटबरोबर पहाटेपर्यंत ड्यूटी झाली होती. तो आधीच मागच्या सीटवर तोंडावर टॉवेल टाकून झोपला होता. आणि मी? मेश्राम आला असेल, मागे कुठेतरी बसला असेल, असं मी धरून चाललो. मागे वळून पाहिलं नाही. माझा त्या बोर्डावर विश्वास नव्हता, पण सोयीपुरता होता.

बस सुटली.

हायवेच्या हॉटेलात पोचायला पाऊण तास लागला. ताटं मांडली गेली, आणि निखिल डोळे चोळत आत आला. त्यानं एकदा सगळ्या टेबलांवरून नजर फिरवली.

“मेश्राम कुठंय?”

निखिलचा चेहरा पांढरा पडला. “अरे, मेश्राम कुठंय? त्याचा बिल्ला मी लावला होता. तो लेण्याकडे गेला होता!”

परचुरे जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला. “सव्वीस खाली आलेला आहे.”

“नाही आला, सर. बिल्ला मी लावला.”

“बोर्ड भरलेला होता.”

“सर, मी लावला!”

परचुरे उठले, बसकडे गेले आणि बोर्ड घेऊन हॉटेलात आले. जेवणाच्या टेबलावर, आमटीच्या वाट्या बाजूला सारून, त्यांनी तो ठेवला. मग बोटानं एकेक बिल्ला मोजला. बत्तीस. पुन्हा मोजला. बत्तीस. त्या वेळी मोबाईल होते, पण किल्ल्यावर रेंज नव्हती. निखिल मेश्रामचा नंबर पुन्हा पुन्हा लावत होता. परचुरे तिसऱ्यांदा मोजायला लागले, तेव्हा दारात उभ्या असलेल्या ड्रायव्हरला राहवलं नाही.

“सायेब,” तो म्हणाला, “बिल्लं काय मोजताय? मानसं मोजा की!”

परचुरे बोट अधांतरी ठेवून थांबले. मी तीन वर्षांत त्यांना पहिल्यांदाच थांबलेलं पाहिलं.

त्यानंतरचं जे आहे ते मला लिहावं लागतंय, याचा मला राग आहे. कारण त्यानंतर त्यांनी एकही चूक केली नाही.

परत पोचेपर्यंत एक वाजून गेला होता. सगळेच वर जायला निघाले. परचुऱ्यांनी बसच्या दारात आडवा हात धरला. “एकाला शोधायला तिसांना नेलं तर संध्याकाळपर्यंत एकतीस शोधावे लागतील. एकोणीस, आपण या. सोनबा, वाट दाखवा. बाकी सगळे सावलीत.” निखिल रडत होता, त्याला त्यांनी बसमध्ये बसवलं. आठ लिटर पाणी तिघांत वाटलं, मीठसाखर घेतली, एक चादर घेतली.

“लेन्याची वाट वंगाळ हाय, सायेब,” सोनबा म्हणाला. “वाळल्या गवतावरनं पाय निसाटतो.”

“माहीत आहे.”

त्या उन्हाचं वर्णन करण्यात अर्थ नाही. सकाळी ज्या दगडांना धरून आम्ही चढलो होतो, त्यांना आता हात लावता येत नव्हता. मी पळत सुटायला बघत होतो. परचुरे एका लयीत चालत होते, साठीला टेकलेला माणूस, श्वास न चुकवता. दर दहा मिनिटांनी थांबत, तीन शिट्ट्या मारत, आणि हातातल्या घड्याळावर मोजून एक मिनिट कान देऊन उभे राहत.

“सर, चला ना! तो तिकडे मरत असेल!” मी दुसऱ्या वेळी ओरडलो.

“एकोणीस, आपण बोलत असताना मला ऐकू येत नाही.”

मला त्यांना ढकलून द्यावंसं वाटलं. पाचव्या वेळी, आडव्या वाटेला लागल्यावर, शिट्टी ऐकू आली. बारीक, तुटक. तीन.

मेश्राम लेण्याच्या तोंडाशी सावलीत पडला होता. जाताना नव्हे, बघून परत निघताना तो गवतावरून घसरला होता, आणि घोटा भलत्याच दिशेला वळला होता. सरपटत तो परत सावलीत आला होता. पाणी बाराच्या आधीच संपलं होतं. ओठ पांढरे, अंग कोरडं, तापलेलं. घाम यायचा थांबला होता. परचुऱ्यांनी त्याचा शर्ट भिजवला, मानेवर, काखेत पाणी ओतलं, डोकं वर धरून एकेक घोट पाजला. त्यानं बाटली हिसकायला हात उचलला तो त्यांनी दाबून धरला. हात अगदी हलका होता त्यांचा. मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

“बिल्ला?”

“निखिलजवळ दिला, सर.”

“का?”

“लेट होईन म्हणून.”

परचुऱ्यांनी मान हलवली. जणू फॉर्ममधला एक रकाना भरला गेला. सोनबा गावातून माणसं घेऊन आला, चादर आणि दोन बांबूंची डोली झाली, आणि दिवस कलता कलता मेश्राम खाली आला.

त्याला पुढे गाडीनं हॉस्पिटलला पाठवलं. आम्ही बसनं परत निघालो. त्या बसमध्ये परचुरे पुढे उभे राहिले आणि बोलले. मी वाट पाहत होतो. सगळेच पाहत असावेत. एखादं वाक्य, अर्धं वाक्य तरी. ‘बस सोडायच्या आधी मी मागे जाऊन पाहायला हवं होतं,’ एवढंच. मीही ते म्हटलं नव्हतं, पण बोर्ड माझा नव्हता.

“आज सिस्टिम फेल झालेली नाही,” परचुरे म्हणाले. “आज माणूस फेल झाला.” आणि ते खाली बसले.

आठ दिवसांनी मी हॉस्पिटलमध्ये मेश्रामला भेटायला गेलो. ऑपरेशन करून घोट्यात स्टीलची पट्टी बसवली होती. त्याची आई भंडाऱ्याहून आली होती, पांढरी साडी, कपाळ मोकळं, पलंगाच्या पायथ्याशी स्टुलावर ताठ बसलेली. मेश्राम हसून बोलत होता, पण त्याला एकच घोर लागला होता. बोर्डावरच्या बिल्ल्याची गोष्ट ऑफिसात पोचली होती. बिल्ला दुसऱ्याच्या हाती देणारा कार्डही देत असणार, असं वरच्या मजल्यावर बोललं जात होतं, आणि प्रोबेशन पुढच्या महिन्यात संपणार होतं.

“नोकरी राहिली पाहिजे,” तो हळू म्हणाला. “आईला अजून सांगितलं नाही.”

तेवढ्यात परचुरे आले. जाकीट नव्हतं, साधा शर्ट होता. त्या शर्टात ते एकदम लहान दिसत होते. मला बरं वाटलं.

आई उठून उभी राहिली. “हेच का जी ते सर? तुम्हीच आणलं ना माझ्या पोराला खाली?” तिनं हात जोडले. “तुमचे लय उपकार झाले जी.”

इथे माणूस काहीतरी म्हणतो. ‘अहो, नाही हो’ म्हणतो. निदान खाली बघतो. परचुऱ्यांनी नमस्कार स्वीकारला आणि पिशवीतून एक टाइप केलेला कागद काढला.

“यावर सही हवी आहे. आपल्या कंपनीला द्यायचा आहे.”

मेश्रामनं कागद वाचला आणि माझ्याकडे दिला. ‘मी,’ मग मोकळी जागा, ‘असे लिहून देतो की दिनांक अमुक रोजी झालेला अपघात केवळ माझ्याच चुकीमुळे झाला असून मंडळाच्या सुरक्षाव्यवस्थेत कोणतीही त्रुटी नव्हती.’ परचुऱ्यांचं पुढच्या महिन्यात त्याच कॅन्टीनमध्ये पुन्हा भाषण होतं, हे मला माहीत होतं.

“सर,” मेश्राम म्हणाला, “इथं जागा मोकळी आहे.”

“तिथे नाव येईल.”

“तुम्हीच लिहा ना.”

परचुऱ्यांनी पेन काढलं. कागद मांडीवरच्या पिशवीवर ठेवला. पेन टेकवलं आणि तसंच धरून बसले. ज्याला इतक्या वेळा डोंगरावर नेलं, ज्याच्या तोंडात एकेक घोट पाणी घातलं, त्याचं नाव त्यांना येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. मला मदत करता आली असती. ती न करण्यात मला जो आनंद झाला, त्याची मला आजही फारशी लाज वाटत नाही.

मग आईच म्हणाली. त्या हॉस्पिटलच्या प्रत्येक खिडकीवर तिनं आठ दिवस हेच सांगितलं होतं, म्हणून त्याच सुरात, सावकाश, लिहून घेणाऱ्याला सोपं जावं असं. “प्रशांत. देवाजी. मेश्राम. लिहा जी.”

परचुऱ्यांनी लिहिलं. तिनं वाकून पाहिलं. “देवाजी, जी. वडिलांचं नाव राहिलं.”

त्यांनी वर बारीक अक्षरांत ‘देवाजी’ घातलं.

मेश्रामनं कागद घेतला. “चूक माझी आहेच, सर,” तो म्हणाला. “तुम्ही नको म्हटलं होतं. मी गेलो. ते मी कंपनीतही सांगणार आहे, नोकरी राहो नाही तर जावो.” त्यानं ‘केवळ’ या शब्दावर एक रेघ मारली. पुढचं सुरक्षाव्यवस्थेचं वाक्य होतं, त्यावर दुसरी. आणि खाली सही केली.

परचुऱ्यांनी कागद हातात धरून बराच वेळ पाहिला. मला वाटलं, आता.

“खाडाखोड चालत नाही,” ते म्हणाले. “मी दुसरी प्रत आणतो.”

“आणा, सर. मी इथंच आहे,” मेश्राम म्हणाला.

आईनं त्यांच्यासाठी थर्मासमधला चहा कपात ओतला होता. तो त्यांनी उभ्याउभ्या घेतला, कप खाली ठेवला, आणि गेले.

मी खिडकीत गेलो. खाली, हॉस्पिटलच्या बोळात, त्यांची जुनी स्कूटर उभी होती. दुपारची वेळ होती, बोळात चिटपाखरू नव्हतं. परचुऱ्यांनी कागदाची घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली. हेल्मेट घातलं, हनुवटीखाली पट्टा आवळला, ओढून पाहिला. स्कूटर सुरू केली. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे पाहिलं. वर, खिडकीकडे, पाहिलं नाही. मग रिकाम्या बोळाला वळण्याची सूचना म्हणून त्यांनी उजवा हात सरळ बाहेर काढला, आणि वळून दिसेनासे होईपर्यंत तो तसाच धरून ठेवला.

दुसरी प्रत घेऊन ते आले नाहीत.